दिवस गेल्यावर निरोध कशाला? – गरोदर मैत्रिणींशी बोलायचंय (नाशिक)

पाथर्डीफाटा_२७
सोमवार, रात्री ११.४०

मैत्रिणींनो, विषय अवघड आहे. इथे टोपणनावाने लिहिता येतं म्हणूनच धीर केलाय.

मला सहावा लागलाय, पहिलीच वेळ. गेल्या आठवड्यात तपासणीला गेले होते. डॉक्टरांनी वजन, बीपी, बाळाचे ठोके बघितले आणि कार्डावर लिहिता लिहिता, मान वर न करताच म्हणाल्या, "संबंध येत असतील तर निरोध वापरा." मी म्हटलं, "मॅडम, आता कशाला? दिवस तर गेलेच आहेत." तर म्हणाल्या, "पाळणा लांबवायला नाही, इन्फेक्शन होऊ नये म्हणून सांगतेय." आणि पुढचीला आत बोलावलं.

बाहेर बाकड्यावर येऊन बसले आणि रडूच कोसळलं. हे अंबडच्या कंपनीत मार्केटिंगला आहेत, महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीवर असतात. यांच्याबद्दल डॉक्टरांना काही कळलं तर नाही ना, असं मनात आलं. मग वाटलं, माझ्याच रिपोर्टमध्ये काही निघालंय आणि त्या आडून सुचवताहेत. रिक्षात बसून कार्ड तीनदा उघडून पाहिलं. तिसऱ्या महिन्यात केलेल्या एचआयव्हीच्या तपासणीपुढे निळ्या पेनाने 'निगेटिव्ह' लिहिलंय, खाली सही आहे.

घरी माझी खूप काळजी घेतात. पपई नको, अननस नको, तिळाचा लाडू नको. ग्रहण लागलं तेव्हा सासूबाईंनी मला दिवसभर सुरीला हात लावू दिला नाही, पडदे ओढून घेतले. पोटातल्या बाळाला काय काय बाधतं ते आमच्या घरात शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण नवऱ्याकडून बायकोला आणि तिच्याकडून बाळाला काही लागू शकतं, हे कुणाच्या तोंडून कधी आलं नाही. माझ्याही मनात आलं नव्हतं, खरंच सांगते. लग्न झालेलं, रिपोर्ट चांगला, घर चांगलं, मग धोका कसला?

तर विचारायचं असं की डॉक्टर हे सगळ्यांना सांगतात की मलाच सांगितलं? रिपोर्ट निगेटिव्ह असताना गरज काय? आणि समजा गरज आहे, तर नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

---

सिडकोची_आई
सोमवार, रात्री ११.५८

ताई, रडू नकोस गं. माझी दोन बाळंतपणं झाली, एक सरकारीत आणि एक खासगीत. मला हे कुणीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मीही तुझ्यासारखीच बाकड्यावर बसून रडले असते.

---

नर्सताई_निफाड
मंगळवार, सकाळी ६.१५

पाथर्डीफाटा ताई, मी निफाड तालुक्यात आरोग्यसेविका आहे, सतरा वर्षं झाली. ड्यूटीला निघायच्या आधी लिहून टाकते.

आधी तुमचा पहिला प्रश्न. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर सांगितलं, पण अर्धवट सांगितलं. "हे मी प्रत्येकीला सांगते" एवढं एक वाक्य जोडलं असतं तर तुम्ही रडला नसता. हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. पूर्वी जिचा नवरा ड्रायव्हर किंवा द्राक्षाच्या हंगामात बाहेर कामाला जाणारा, तिलाच बाजूला घेऊन मी निरोधाचं बोलायचे. बायका लगेच ओळखायच्या. एकीने तर तपासणीला येणंच सोडलं. तेव्हापासून शिक्षिका असो की शेतमजूर, प्रत्येकीला तेच सांगते, त्याच शब्दांत.

आता रिपोर्टचं. तिसऱ्या महिन्यातला निगेटिव्ह म्हणजे त्या दिवसापर्यंतचं बोलणं, आणि तेही पुरतं नाही. संसर्ग झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात, तीन महिनेसुद्धा लागू शकतात. तो रिपोर्ट सहाव्या, आठव्या महिन्याची हमी देत नाही, अंगावर पाजत असतानाच्या काळाची तर नाहीच. आणि गरोदरपणात नव्याने लागण झाली तर बाळाला धोका जास्त, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तात विषाणू भरपूर असतो. शरीरातल्या बदलांमुळे गरोदर आणि बाळंत बाईला लागण होण्याची शक्यताही एरवीपेक्षा वाढते. आपल्या बायकांना नेमकं उलटं वाटतं. "पोटुशी आहे, आता मला काही होत नाही, बाळ पिशवीत सुखरूप आहे."

हे असं का वाटतं याचा मी पुष्कळ विचार केलाय. १९६८ साली सरकारने निरोध आणला तो कुटुंबनियोजनासाठी. भिंतीवर लाल त्रिकोण, दोन पोरांचं चित्र. मग इतकी वर्षं लोकांच्या डोक्यात निरोध म्हणजे मूल नको, एवढंच बसलं. मूल तर पोटात आलं, मग निरोधाचं काम संपलं! आशाताई घरोघरी तीन निरोधांचं पाकीट एक रुपयाला देतात, त्याही गरोदर बाईचं घर वगळून पुढे जायच्या. मी सांगितल्यावर आता थांबतात.

एक गोष्ट डोळ्याने पाहिलेली सांगते. आमच्या केंद्रात निरोधाची पेटी इंजेक्शनच्या खोलीबाहेर भिंतीला लावलेली होती. समोर बाकडं, बाकड्यावर आठ-दहा बायका, त्यांच्या सासवा. महिना महिना पेटी भरलेलीच. मग मी ती काढून बायकांच्या संडासाच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर लावली. पहिल्याच आठवड्यात रिकामी. बायकांना नको होतं असं नाही. चार जणींच्या देखत हात पुढे करायचा नव्हता.

---

सरळमार्गी_नाशिककर
मंगळवार, सकाळी ९.३०

हे सगळं वाचून वाईट वाटलं. आपली संस्कृती आहे, सात जन्मांचं नातं आहे. सुखाने चाललेल्या संसारात संशयाचं बी पेरून काय मिळणार? ज्यांचे नवरे वाईट मार्गाला लागलेत त्यांनी काळजी घ्यावी. सगळ्यांना एकाच तराजूत तोलू नये.

---

पाथर्डीफाटा_२७
मंगळवार, सकाळी १०.०५

दादा, मीही आठ दिवस हेच म्हणत होते. संशय नको. पण तुमचं वाचल्यावर एक लक्षात आलं. संशय आला तरच काळजी घ्यायची असं ठरवलं, तर काळजी घेण्याआधी मला नवऱ्यावर आळ घ्यावा लागेल. मला आळ घ्यायचा नाहीये. मग संशयाशिवायच काळजी घेता यायला नको का? स्कूटरवर हेल्मेट घालते तेव्हा मी रस्त्यावरच्या कुणालाच दोष देत नाही.

नर्सताई, मनापासून आभार. दुसऱ्यांदा तपासणी करून घ्यायची म्हटलं तर कुठे जायचं?

---

नर्सताई_निफाड
मंगळवार, दुपारी २.१०

जिल्हा रुग्णालयात, त्र्यंबक रोडला. आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या तपासणीचं आणि समुपदेशनाचं केंद्र, विचारा, कुणीही दाखवेल. तपासणी आणि समुपदेशन दोन्ही फुकट. तुमच्या संमतीशिवाय रक्त घेत नाहीत आणि रिपोर्ट तुमच्याखेरीज दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. २०१७ चा कायदाच आहे तसा, सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. सातव्या-आठव्या महिन्यात "पुन्हा करायची आहे" एवढं सांगा, कारण देत बसू नका. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७, पैसे पडत नाहीत.

---

गंगापूररोड_स्त्रीरोग
मंगळवार, दुपारी ३.४५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. चर्चा एचआयव्हीभोवतीच फिरतेय म्हणून थोडी भर घालते.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांना एचआयव्ही हे नाव तरी माहीत असतं. सिफिलिस म्हटलं की चेहरा कोरा. 'गरमी' म्हटल्यावर वयस्कर बायका मान डोलावतात. गरोदरपणात सिफिलिस झाला आणि उपचार झाले नाहीत तर गर्भपात होतो, बाळ पोटात दगावतं, किंवा आजार घेऊन जन्माला येतं. आणि आईला बहुतेक वेळा काही जाणवतही नाही. एखादा न दुखणारा फोड येऊन आपोआप बरा होतो, तोही आतल्या बाजूला असला तर दिसत नाही. "बाळ पिशवीत सुरक्षित" ही समजूत इथे साफ खोटी पडते, कारण हा जंतू वारेतून (प्लॅसेंटातून) थेट बाळापर्यंत पोचतो. उपचार मात्र जुना आणि स्वस्त आहे. बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं टोचतात, दुखतं. बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी मिळालं तर बाळ वाचतं. नवऱ्याला मात्र त्याच वेळी उपचार व्हायलाच हवेत, नाहीतर तो तिला पुन्हा देतो. माझ्या अनुभवात अडतं ते इथेच. बाई इंजेक्शन घेते आणि नवऱ्याला सांगायला घाबरते.

हिपॅटायटिस बी हाही शरीरसंबंधातून पसरतो. आईला असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. नवऱ्यालाही लस घेता येते. नागिणीच्या जातीचा जननेंद्रियाचा हर्पिस शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच झाला तर नवजात बाळासाठी फार वाईट. निरोधाने हर्पिस आणि सिफिलिस पूर्ण थांबत नाहीत, कारण जखम झाकलेल्या जागेच्या बाहेरही असू शकते. पण धोका बराच कमी होतो.

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिका या डासांतून पसरणाऱ्या विषाणूचे रुग्ण निघाले, त्यांत गरोदर बायकाही होत्या. तेव्हा माझ्या बाह्यरुग्ण विभागात रोज मच्छरदाणी, धूर, ओडोमॉस यावर प्रश्न यायचे. कितीतरी जणींचे नवरे नोकरीसाठी पुण्याला ये-जा करणारे. झिका शरीरसंबंधातूनही येतो, साथीच्या भागातून आलेल्या नवऱ्याने बायको गरोदर असेपर्यंत निरोध वापरायला हवा, हे मी सांगितल्यावर प्रत्येक जोडपं चकित झालं. आणि एक गोष्ट मला तेव्हा फार जाणवली. झिकासाठी निरोध म्हटलं की कुणाला राग येत नव्हता. डास चावला यात कुणाची अब्रू जात नाही ना.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. निरोधासोबत खोबरेल तेल, तूप, व्हॅसलीन यातलं काहीही वापरू नका, रबर कमकुवत होऊन फाटतं. पाण्याचं वंगण मेडिकलमध्ये मिळतं. आणि वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल किंवा मुदतीआधी कळा येण्याची भीती डॉक्टरांनी सांगितली असेल, तर संबंधच नकोत, निरोध असला तरी. बाकी सगळं ठीक असेल तर गरोदरपणात संबंधांनी बाळाला इजा होत नाही. पांढरं जाणं वाढतं ते साधारणच असतं, पण वास, खाज, हिरवट-पिवळा रंग दिसला तर दाखवा. "बाळंतपण झाल्यावर बघू" म्हणून थांबू नका. काही संसर्गांमुळे पाणी लवकर जातं आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं.

पाथर्डीफाटा, त्या डॉक्टरांनी मान वर करून बोलायला हवं होतं. गर्दीत माझ्याकडूनही हे झालंय.

---

अनामिका_जिल्ह्यातलीच
मंगळवार, रात्री १०.२०

लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं. लिहिते.

२०११ ची गोष्ट. पहिलं बाळंतपण. तिसऱ्या महिन्यात तपासणी झाली, निगेटिव्ह. तो कागद मी पोथीत ठेवला होता, इतका आनंद झाला होता. सातव्यात ओटी भरली आणि माहेरी गेले. आमच्याकडे बाळ तीन महिन्यांचं झाल्याशिवाय परत पाठवत नाहीत. म्हणजे हे पाच-सहा महिने एकटे. मध्ये दोन-तीनदा भेटायला आले. मी परत आले, संसार सुरू झाला, मुलीला अंगावर पाजत होते. मूल लगेच नको म्हणून निरोध वापरावा असं मनात यायचं, पण शेजारीण म्हणाली, पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत.

मुलगी नऊ महिन्यांची असताना यांच्या कामाच्या ठिकाणी रक्तदान शिबिर झालं. काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. मग मला बोलावलं. पुढचं लिहीत नाही.

मुलीच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले तेव्हा ती हसत होती, सिस्टरच्या गळ्यातल्या कार्डाशी खेळत होती. पहिला रिपोर्ट चांगला आला. पण आईच्या रक्तातले अंश बाळात राहतात म्हणून शेवटची खात्री अठराव्या महिन्यात, असं सांगितलं. ते नऊ महिने मी तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. अठराव्या महिन्यात निगेटिव्ह आली. आज सायकलवर शाळेत जाते.

आम्ही दोघं गोळ्या घेतो, रोज रात्री नऊ वाजता. आता दोघांच्याही रक्तात विषाणू मोजण्याइतका सापडत नाही. असं झालं की संबंधातून लागण होत नाही, हे मला एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या, मॅडमनी समजावून सांगितलं. आता नियमही बदललेत. २०१४ पासून गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की लगेच कायमच्या गोळ्या सुरू करतात. काहीच उपचार नसले तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून लागण होते, उपचार नीट घेतले तर पाचाहून कमी. म्हणून सापडायला घाबरू नका.

मी यांना माफ केलं की नाही ते माझं मला ठेवते. पण मला राग यांच्यापेक्षा त्या कागदाचा जास्त येतो. तो तिसऱ्या महिन्यापर्यंतचा होता आणि मी त्यावर वर्षभर निश्चिंत राहिले. कुणी एकाने म्हटलं असतं, बाई गं, हा जुना झाला.

---

सिडकोची_आई
मंगळवार, रात्री १०.३१

अनामिका ताई, तुमच्या लेकीला खूप आशीर्वाद. दुसरं काही लिहिता येत नाही.

---

बारा_टायर
बुधवार, पहाटे ४.५०

बायकांचा धागा आहे, लिहू नये खरं तर. पण गाडी भरायला वेळ आहे म्हणून लिहितो. पिंपळगाव, लासलगावचा कांदा घेऊन कोलकात्याकडे जातो, अठरा वर्षं झाली.

आमच्या लाइनीतल्या लोकांना निरोध माहीत आहे. ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर दवाखान्यावाले येतात, मुठी भरून देतात. बाहेर वापरणारे वापरतात. पण घरी कुणी वापरत नाही. का ते सांगतो. इतकी वर्षं नाही वापरला आणि आज अचानक खिशातून काढला, तर बायको विचारेल ना, आजच का? म्हणजे वापरला की कबुली दिल्यासारखं. म्हणून गडी गप्प बसतो आणि तसाच घरी जातो. त्यात बायको पोटुशी असेल तर कारण सांगायलाही काही उरत नाही. तुमच्याकडून मागितला तर आळ, आमच्याकडून काढला तर कबुली.

माझ्या बायकोच्या वेळी मी एकदा चुकलो होतो. दोन महिने घरी गेल्यावर पाठदुखीचं निमित्त सांगून बाहेर ओट्यावर झोपलो. नंतर तपासणी केली, देवाच्या दयेने काही निघालं नाही. पण तेव्हा जर ती म्हणाली असती, "सिस्टरने सगळ्यांनाच वापरायला सांगितलंय", तर मी सुटलो असतो. काही न विचारता वापरला असता. ताई, तुम्ही डॉक्टरचं नाव पुढे करा. अर्ध्याहून जास्त गडी आतून हायसं वाटून घेतील.

---

सरळमार्गी_नाशिककर
बुधवार, सकाळी ८.४०

मी काल लिहिलं ते माझी बहीण डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं होतं. तिला पाचवा आहे, मेहुणे सज्जन आहेत. रात्री अनामिका ताईंचं वाचलं. नर्सताईंनी दिलेला १०९७ बहिणीला पाठवला आहे. जास्त काही बोललो नाही, भावाला एवढंच जमलं.

---

दिंडोरीरोड_ग
बुधवार, दुपारी १२.१५

आणि नवरा ऐकतच नसेल तर? माझा आठवा चालू आहे. नाही म्हटलं तरी ऐकत नाहीत, निरोध तर लांबच. इथे सगळे सांगण्याच्या युक्त्या सांगताहेत. माझ्याकडे सांगण्याची सोयच नाही.

---

नर्सताई_निफाड
बुधवार, दुपारी १२.४०

ताई, तुमचं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. हा निरोधाचा प्रश्न राहिला नाही, ही जबरदस्ती आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलाय, नवऱ्याकडून झालेलासुद्धा. १८१ वर बायकांसाठी चोवीस तास मदत मिळते. ते एकदम नको वाटत असेल तर पुढच्या तपासणीला सिस्टरला म्हणा, मला एकटीशी बोलायचंय. आम्ही सोबतच्या माणसाला वजनकाट्याच्या निमित्ताने बाहेर थांबवतो, सवय असते आम्हाला. डॉक्टरांकडून "आठव्या महिन्यात संबंध नकोत" असं कार्डावर लिहूनही घेता येतं. मला खासगी संदेश करा, तुमच्या भागातल्या ताईंशी मी स्वतः बोलते. आजच करा.

---

दिंडोरीरोड_ग
बुधवार, दुपारी १२.५२

केला.

---

पाथर्डीफाटा_२७
पहिल्या पोस्टनंतर तेरा दिवसांनी, रविवार, रात्री ९.२५

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

बारा टायर दादांनी सांगितलं तसंच केलं. आम्ही संध्याकाळी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फिरायला जातो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. तिथे कठड्यावर बसून मी म्हटलं, "डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात म्हणे, आता बाळ होईपर्यंत आणि नंतर पाजत असतानाही निरोध वापरा. आणि दोघांनी पुन्हा तपासून घ्या." हे गप्प. हातातली गाडीची किल्ली फिरवत राहिले. घरी येईपर्यंत एक अक्षर नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

रात्री जेवताना आपणच म्हणाले, "शनिवारी सुट्टी आहे, जाऊन येऊ." बस, एवढंच. मी काही विचारलं नाही, आणि खरं सांगते, विचारायचं नाही असं ठरवूनच गेले. आयसीटीसीत आधी दोघांना एकत्र, मग वेगवेगळं आत बोलावलं. यांना माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. बाहेर आले तेव्हा कान लाल झाले होते, पण चेहरा मोकळा वाटला. दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह. यांना तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलंय, तोपर्यंत निरोध.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घ्यायला फडताळ उघडलं, तर माझ्या गोळ्यांच्या डब्याशेजारी पाकीट ठेवलेलं होतं. सासूबाईंचा हात पोचणार नाही अशा वरच्या कप्प्यात.

अनामिका ताई, मी आता त्या कार्डावर नव्या रिपोर्टशेजारी तारीख मोठी करून लिहिली आहे. तुमच्यासाठी.

दिंडोरीरोड ताई, कशा आहात? दोन ओळी तरी लिहा.

नर्सताई, एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात ओटी भरून मी माहेरी मनमाडला जातेय. आठव्यातली तपासणी तिकडे होईल का?

---

नर्सताई_निफाड
रविवार, रात्री ९.५०

होईल. उपजिल्हा रुग्णालयात जा, हेच कार्ड आणि शनिवारचा रिपोर्ट सोबत ठेवा. मिस्टर भेटायला येतील तेव्हा वरच्या कप्प्यातलं पाकीट आठवणीने घेऊन या म्हणावं.

दिंडोरीरोड ताई माहेरी आहेत, बऱ्या आहेत. मी काल फोनवर बोलले. सवडीने लिहितील.